एका अंगाची माती

गेल्या महिन्यात जिंतूरहून टपालानं एक स्मरणिका आली. गुळगुळीत कागद, पहिल्याच पानावर दिगंबरराव ठेकेदारांचा फेटा बांधलेला फोटो, आणि खाली मजकूर असा की, लढाईच्या काळात लोखंडाचा तुकडा मिळत नसताना दिगंबररावांनी निव्वळ कल्पकतेच्या बळावर, गर्डर नाही, पत्रा नाही, अशा स्थितीत कापसाच्या गोदामावर चार बोटं जाडीचं छत उभं केलं. कल्पकता म्हणे! त्या माणसाला जन्मात दोनच कल्पना सुचल्या. दुसऱ्याचं श्रेय आपल्या नावावर लावायचं, आणि आपला दोष दुसऱ्याच्या. स्मरणिका मी चुलीतच घालणार होतो. मग म्हटलं, थांब. आधी लिहू, मग घालू.

ते छत वालूरच्या गुरलिंगआप्पा मिस्त्रींनी बांधलं. आणि त्याच छताखाली हा फेट्यातला दिगंबरराव पाटावर बसून ओक्साबोक्शी रडला होता. हे मी ऐकलेलं सांगत नाही, पाहिलेलं सांगतो. 'जाऊ द्या हो, मेलेल्या माणसाचं काय काढता,' असं म्हणणारे आमच्या घरात पुष्कळ आहेत. त्यांनी खुशाल जाऊ द्यावं. मी जाऊ देत नाही.

मी तेव्हा दिगंबररावांच्या पदरी नक्शानवीस होतो. परभणीला स्टेशनाजवळ त्यांची कचेरी होती. राज्य निजामाचं, सगळे कागद उर्दूत, आणि माझं उर्दू अक्षर मोत्यासारखं. या अक्षराचं मला फार कौतुक होतं. त्या अक्षरानंच पुढे माझी अब्रू घालवली, पण ते येईलच.

आप्पा पहिल्यांदा कचेरीत आले ते सरकीच्या कोठीच्या कामासाठी. सरकी म्हणजे कापसाचं बी. वालूरजवळच्या एका जिनिंगच्या मालकाला ती साठवायला लांबलचक कोठी हवी होती. आप्पा म्हणजे उंच, वाळका माणूस, कपाळाला भस्म, गळ्यात इष्टलिंगाची चांदीची डबी, कमरेला ओळंबा आणि कानावर कोळशाचा तुकडा. आत आले ते माझ्याकडे किंवा दिगंबररावांकडे न बघता वर आढ्याकडे बघत. ही त्यांची खोडच होती. कुणाच्याही घरी गेले की आधी छत बघायचे, मग माणसं. जेवायला बोलावलं तर पहिल्या घासाआधी म्हणायचे, "तिसरी तुळई थकली बरं का तुमची." त्यामुळे त्यांना जेवायला बोलावणारे लोक कमी होते.

मी कोठीचा नकाशा काढत होतो. त्यांनी तो वाकून पाहिला.

"ह्ये काय काढलंय, नक्शेवाले?"

"छत."

"छत न्हाई ह्ये. धोंडा हाय धोंडा. भिंतीच्या डोक्यावर धोंडा ठिवायलाव तुमी."

मला राग आला. मी म्हणालो, मजबूत छत जाडच असतं. आप्पांनी टेबलावरचा एक कोरा कागद उचलला, त्याची एक कड चिमटीत धरली. कागद लगेच खाली लोळला. मग त्यांनी बोटांनी त्याला जरा पन्हाळीसारखा वाक दिला, तसा तोच कागद हवेत ताठ उभा राहिला. मग त्याच्या बारीक बारीक घड्या घातल्या, एक खाली, एक वर. दारातून दोन विटा आणवल्या, त्यांच्यावर तो घड्यांचा कागद आडवा ठेवला आणि माझी भरलेली दऊत उचलून त्याच्या मधोमध ठेवली. माझा जीव वरखाली झाला, कारण खाली मालकाचे नकाशे होते. दऊत हलली नाही.

"कागद त्योच. जाडी तीच. मग बळ कुटून आलं?"

मी आधी दऊत उचलून बाजूला ठेवली.

"जाडीचं बळ न्हाई, वाकाचं बळ हाय. पळसाचं पान सपाट धरा, भात सांडतंय. द्रोण करा, वरणबी ऱ्हातंय."

'जाडीचं बळ न्हाई, वाकाचं बळ हाय' हे वाक्य मी नंतर शंभरदा ऐकलं असेल. कुणी समजून घ्यायला आलं की आप्पा नारळाची करवंटी जमिनीवर पालथी घालायचे आणि तिच्यावर हळूच उभे राहायचे. एकदा एका हुशार माणसानं सुचवलं की, आप्पा, हेच अंड्यानं जास्त छान दिसेल. आप्पा दोन पावलं मागं सरले. लिंगायत माणूस, अंड्याचं नावही त्यांना चालायचं नाही. "अंडं देवानं बांधलंय, करवंटीबी देवानंच बांधलीय. मग मला भ्रष्ट कशापाई करायलाव?" म्हणाले.

त्यांच्या छताचा आकार कागदावर ठरत नसे. तो गिरजाबाईंच्या कमरेवर ठरायचा. गिरजाबाई म्हणजे आप्पांची बायको. चुन्याची घाणी त्यांच्या ताब्यात असे, आणि चुना मळून झाला की नाही हे त्या बोटांवर चोळून सांगायच्या. मजूर बाया त्यांना गिरजाक्का म्हणायच्या आणि आप्पांपेक्षा त्यांनाच जास्त भ्यायच्या. त्यांच्या कमरेला चांदीची साखळी होती. नवीन छत काढायचं असलं की आप्पा हाक मारायचे, "ए, साखळी दे." त्या सगळ्यांच्या देखत लाजून, रागावून, पाठमोऱ्या होऊन साखळी काढून द्यायच्या. "चांभारानं सुद्धा बायकूचं पायताण असं मागून घेतलं नसंल," म्हणायच्या. आप्पा भिंतीवर दोन खिळे ठोकून साखळी लोंबती सोडायचे आणि कानावरच्या कोळशानं तिची रेघ मारून घ्यायचे. ती रेघ उलटी केली की झालं छत.

मी विचारलं, साखळीच का?

"लोंबणारी साखळी कुटंबी मुडपत न्हाई. कडी न् कडी नुसती वढली जाती. तोच आकार उलटा केला की वीट न् वीट नुसती दाबली जाती. दाबल्यालं विटंला लय मानवतंय. वढल्यालं न्हाई सोसत तिला."

हे एवढं सरळ मला कुणी शिकवलं नव्हतं. मग त्यांनी मला आणि कचेरीच्या शिपायाला समोरासमोर उभं केलं, दोघांना एकमेकांच्या तळहातांवर रेलायला लावलं आणि पाय मागे मागे घ्यायला सांगितलं. फरशी गुळगुळीत होती. माझे पाय सरकले आणि आम्ही दोघेही नाकावर पडलो. "ह्ये दुसरं," आप्पा म्हणाले, "वाकाचं छत खाली कमी ढकलतंय, बाहेर जास्ती. बुडाच्या भिंतीनं पाय धरून ठिवला पाह्यजे." शिपाई आठ दिवस माझ्याशी बोलला नाही.

तिसरी गोष्ट त्यांनी करून दाखवली नाही, नुसती सांगितली. तीच खरी होती. पातळ छताला सगळीकडून सारखं ओझं द्या, वाटेल तेवढं घेईल. एका अंगाला द्या, जाईल. म्हणून छताच्या खांद्यांवर भर घालायची तर दोन बाया दोन्ही बाजूंनी एकदम चढायच्या, एकदम टोपलं रिकामं करायच्या, एकदम उतरायच्या. एकीचा पाय मुरगळला तर दुसरी भरलं टोपलं घेऊन तिथंच थांबून राहायची. आप्पांच्या कामावर हा नियम होता.

सरकीच्या कोठीचं छत झालं. खालचा ढोला, म्हणजे कमान सुकेपर्यंत दिलेला लाकडी आधार, तो काढायचा दिवस आला. आमच्याकडे दस्तूर असा की ढोला काढताना मिस्त्रीनं स्वतः छताखाली पाटावर बसायचं, समोर नारळ ठेवायचा, आणि पाचरी दुसऱ्यानं काढायच्या. पडलं तर पहिल्यांदा मिस्त्रीच्या डोक्यावर. आप्पा बसले. पाचरी निघाल्या, ढोला खाली आला, छत जागच्या जागी. गिरजाबाईंनी तोच नारळ फोडून सगळ्यांना वाटला.

त्यानंतर चौथ्या की पाचव्या दिवशी आप्पांची थोरली बहीण वारल्याचा सांगावा आला. गिरजाबाईंना घाणी आवरायला मागे ठेवून आप्पा निघाले, आणि जाताना मला आणि दिगंबररावांना समोर उभं करून बजावलं, "चुना अजून कच्चा हाय. म्या येईस्तवर वर चिमनीबी बसू दिऊ नका."

दुसऱ्या दिवशी जिनिंगचा मुनीम आला. त्यानं वर पाहिलं आणि हसला. "ठेकेदार, हा पापड ठेवलाय का भिंतीवर? माती कुठंय?"

आमच्या मुलखात हे समजून घ्यायला हवं. इथं घराला माळवद. लाकडावर हातभर पांढरी माती, आणि दर उन्हाळ्यात वर आणखी चार टोपली. आजोबांनी घातलेल्या मातीवर बापाची, बापाच्या मातीवर लेकाची. ज्याच्या माळवदावर माती जास्त त्याचं घर पक्कं. मातीशिवायचं छत म्हणजे आमच्या लोकांना उघडंनागडं वाटतं. आप्पा दोन महिने दिगंबररावांना समजावत होते, पण त्या माणसाच्या डोक्यात माळवदच होतं. त्यांनी गावठाणातून तीन गाड्या पांढरी माती मागवली. गाड्या फक्त पूर्वेकडून लागत होत्या, पश्चिमेला विहीर होती.

"चढवा वर," दिगंबरराव म्हणाले. "जरा जाडी येऊ द्या."

मी हातभर अंतरावर उभा होतो. मी म्हणालो, "राव, आप्पा म्हणाले होते की..."

"मालक आप्पा आहे का मी?"

मी गप्प बसलो. हे वाक्य चारचौघांसाठी लिहायला मला चाळीस वर्षं लागली. मला सगळं माहीत होतं, दऊत माझीच होती, नाकावर मी पडलो होतो, आणि मी गप्प बसलो.

दोन गाड्या पूर्वेच्या खांद्यावर पडल्या. तिसरी अर्धी झाली असेल. गिरजाबाई आत घमेली गोळा करायला गेल्या होत्या. पूर्वेची बाजू किंचित दबली आणि पश्चिमेची बाजू, जिच्यावर काहीच नव्हतं, ती वर उचलली गेली. मग सगळंच खाली आलं. किती पटकन आलं ते सांगता येत नाही. गिरजाबाईंना काढलं तेव्हा त्यांच्या हातात घमेलं तसंच होतं.

पोलिसांचे अमीनसाहेब तपासाला आले. त्यांचा कारकून आजारी होता. दिगंबरराव म्हणाले, "आमच्या कचेरीतल्या या मुलाचं अक्षर चांगलं आहे, तो लिहील." अमीनसाहेबांनी मातीकडे बोट दाखवून विचारलं, ही कसली? दिगंबरराव म्हणाले, "छतावर माती असतेच की, साहेब." यात कुणालाच काही वावगं वाटलं नाही, कारण अमीनसाहेबांच्या घरावरही माळवदच असणार. मला विचारलं, तू काही ऐकलंस? मी म्हणालो, मी नकाशे बघत होतो. आणि मग मोत्यासारख्या अक्षरात लिहिलं, 'मेमार की गफलत से छत गिरी.' मेमार म्हणजे गवंडी. म्हणजे बायको आप्पांनीच मारली, असं मी लिहिलं.

आप्पा संध्याकाळी आले. रडले नाहीत. ढिगाऱ्याभोवती एक फेरी मारली. पूर्वेच्या बाजूला वाकून बोटांवर पांढरी माती घेतली. पश्चिमेला जाऊन वाकले, तिथं नुसत्या विटा. परत आले आणि दिगंबररावांसमोर ती बोटं धरली.

"माती एका अंगाची हाय, मालक."

"चार बोटांचं छत बांधून वर मलाच शिकवतोस?" दिगंबरराव ओरडले. मग आवाज खाली आणून चारचौघांत म्हणाले, "जाऊ द्या. बायको गेली बिचाऱ्याची. मी दावा करणार नाही." लोक म्हणाले, केवढं मोठं मन! ते मोठं मन आठवलं की आजही माझ्या अंगाचा तिळपापड होतो.

त्या मोठ्या मनानं आप्पांचा धंदा संपवला. पंचक्रोशीत त्यांना कुणी छत देईना. 'पापडवाले आप्पा' असं नाव पडलं. वर्षानुवर्षं ते चुली घालत, विहिरींचे कठडे बांधत, गिलावा करत फिरले. एकदा कामानिमित्त मी वालूरला गेलो तर त्यांच्या घरामागे गुडघ्याएवढ्या कमानींची रांगच रांग. प्रत्येकीच्या पूर्वेच्या खांद्यावर पांढरी माती, प्रत्येक पश्चिमेकडून उचकटून पडलेली.

"बगा, नक्शेवाले. येकबी चुकली न्हाई. दर येळी तसंच पडतंय." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "तुमी व्हते तितं."

"मला काही ऐकू आलं नाही, आप्पा."

"बरं," आप्पा म्हणाले.

शिवी दिली असती तर बरं झालं असतं. त्या 'बरं'नं मला कित्येक वर्षं धड जेवू दिलं नाही.

आणि मग दुसरी मोठी लढाई आली. गर्डर गायब, पत्रे गायब, सळई औषधालाही मिळेना. जिंतूरच्या एका शेठजींचं मोठं कापूस-गोदाम दिगंबररावांनी अंगावर घेतलं होतं. भिंती उभ्या झाल्या, आणि छताला काही नाही. हंगाम तोंडावर. शेठजी रोज विचारायचे, कापूस काय आभाळाखाली ठेवू? लोखंडाशिवाय एवढा गाळा झाकणारा माणूस मुलखात एकच होता. दिगंबररावांना ते माझ्याइतकंच माहीत होतं. नाक मुठीत धरून, शेठजींना आणि मला घेऊन ते वालूरला गेले.

आप्पांनी तिघांना घोंगडी टाकून दिली. पाणी दिलं. सगळं ऐकून घेतलं.

"बांधतो," म्हणाले. "जाडी चार बोटंच. त्या टायमाला व्हती तेवडीच. वर कुणी मातीचं ढेकूळ जरी टाकलं तर म्या निघालो."

"मान्य," दिगंबरराव म्हणाले.

"आन् ढोला काढायच्या दिशी पाटावर म्या बसणार न्हाई. पाचरी म्या काढणार. पाटावर तुमी बसायचं."

दिगंबरराव हसले. "अरे, तो मिस्त्रीचा दस्तूर."

"मिस्त्रीची गफलत असती ना, मालक. म्हणून पाचरीजवळ मिस्त्री पाह्यजे. तुमचं छत हाय, तुमी बसा."

दिगंबरराव काही बोलणार तेवढ्यात शेठजीच म्हणाले, "झकास! ठेकेदार स्वतः खाली बसणार असेल तर मला काळजी नाही." फास बसला. दिगंबररावांचा चेहरा असा झाला की मला मनातून उकळ्या फुटल्या. मी लपवत नाही.

त्या साखळीची रेघ आप्पांनी गोदामाच्या भिंतीवर मारली. खिळे ठोकले, गळ्यातल्या डबीशेजारी बांधलेल्या फडक्यातून गिरजाबाईंची साखळी काढली, लोंबती सोडली, आणि ती हलायची थांबेपर्यंत हात जोडून उभे राहिले. कामावरच्या बाया तोंडाला पदर लावून बघत होत्या. तेव्हापासून जिंतूरच्या बाजारात एकच चर्चा सुरू झाली, म्हातारा ठेकेदाराला गाडणार.

दिगंबररावांच्या कानावर ते जात होतं. आधी रोज यायचे, मग एक दिवसाआड, मग येऊन दारातच उभे राहायचे. एकदा मला बाजूला घेऊन म्हणाले, "जरा जाडी वाढवायला सांग ना." मी म्हणालो, "तुम्हीच सांगा." ते गेले. आप्पा विटांना चुना लावत होते.

"आप्पा, थोडं जाड केलं तर?"

"जाड केलं की पडताना जास्ती लागतंय, मालक," आप्पा शांतपणे म्हणाले आणि पुढची वीट बसवली.

शेवटच्या महिन्यात दिगंबररावांची गालफडं बसली. जिंतुरातल्या प्रत्येक देवाला नारळ झाला. तापाचं सोंग काढून पाहिलं, तर शेठजींनी घरी माणूस पाठवला की ताप उतरेपर्यंत थांबू, पण बसायचं तुम्हालाच.

तो दिवस मला कालच्यासारखा आठवतो. सकाळी नऊचा सुमार. शेठजी, अमीनसाहेब, बाजारातली निम्मी माणसं दाराबाहेर. गोदामाच्या मधोमध, ढोल्याच्या खांबांमधल्या मोकळ्या जागेत पाट, समोर नारळ. दिगंबरराव बसले, आणि बसल्याबरोबर वर बघायला लागले, अगदी आप्पा बघायचे तसे. ढोल्याच्या खांबांखाली बारा पाचरी होत्या. आप्पांनी लाकडी हातोडा घेतला.

पहिली पाचर काढली. खांब धाडकन आडवा झाला, धूळ उडाली. दिगंबरराव उडाले.

दुसरी. तिसरी. आप्पा घाई करत नव्हते. प्रत्येक पाचर काढून ती हातात फिरवून बघायचे, मग बाजूला रचायचे. पाचवीला थांबले.

"मालक, सरकीच्या कोठीवर माती कुणी टाकायला लावली?"

बाहेरची माणसं दारात पुढे सरकली.

"हे काय आत्ता..." दिगंबरराव म्हणाले.

आप्पांनी हातोडा मारला. खांब पडला. ढोल्याची एक फळी करकरली. "कोण्या अंगाला टाकली?"

"आप्पा, अरे लेकरंबाळं आहेत मला..."

"मलाबी बायकू व्हती." हातोडा. "कोण्या अंगाला?"

सात, आठ. नवव्या पाचरीला ढोल्याचा अर्धा सांगाडा भुईवर आला, आणि धुळीत दिगंबरराव दिसेनासे झाले. त्यातून आवाज आला, चिरका, बाईमाणसासारखा.

"मी टाकली! मीच सांगितलं! पूर्वेला टाकली, सगळी पूर्वेला! आप्पा, पाया पडतो, थांब!"

"म्या काय सांगून गेलो व्हतो?"

"चिमणीही बसू देऊ नका म्हणालास!"

"जोरात. साहेबाला ऐकू यीना."

दिगंबरराव पुन्हा ओरडले. रडत होते, फेटा सुटून गळ्यात आला होता. लोकांनी ऐकलं, शेठजींनी ऐकलं, अमीनसाहेबांनी ऐकलं. आप्पांनी मान हलवली. मला वाटलं, संपलं. पण ते वाकले.

"तीन राह्यल्या अजून," म्हणाले, आणि तिन्ही काढल्या. एकेक. सावकाश. दिगंबरराव पाटावर डोक्यावर हात घेऊन गोळा होऊन पडले होते. धूळ बसली. वर छत होतं. चार बोटांचं, साखळीच्या वाकाचं, एक चीरही नाही.

लोक दिगंबररावांना उचलून नेत होते तेव्हा मी खाली आलेल्या ढोल्याकडे गेलो. त्याच्या वरच्या फळ्यांवर, जिथं छताची वीट टेकलेली असायला हवी, तिथं कोळिष्टकं होती. जुनी, धूळ बसलेली. छताला टेकलेल्या फळीवर कोळी जाळं विणत नाही. त्याला फट लागते.

मी आप्पांकडे पाहिलं. ते पाचरी मोजून पोत्यात भरत होते.

"पंध्रा दिस झाले," ते हळूच म्हणाले. "पाचरी बोटभर सैल केल्या व्हत्या. छत तवापासून आपलं आपण उभं हाय. ह्या पाचरी ढोल्याला धरून व्हत्या, छताला न्हाई."

"म्हणजे आज काहीच होणार नव्हतं?"

"हिच्या साखळीचा वाक हाय त्यो. कसा पडंल?" आप्पा म्हणाले. "पर त्यानला काय ठाव."

दिगंबररावांचं काय झालं विचाराल, तर काही नाही. शेठजींनी पुढचं काम दिलं नाही, वर्षभर लोक हसले, मग विसरले. पैसा होता, माणूस पुन्हा उभा राहिला. जुना कागद जुनाच राहिला. अमीनसाहेब म्हणाले, भीतीनं बोललेलं कागदावर घेता येत नाही. मी तेव्हाही पुढे होऊन म्हणालो नाही की, साहेब, मी होतो तिथं, मी लिहून देतो. मी फक्त नोकरी सोडली. ते सोपं होतं.

निजामाचं राज्य गेलं त्या साली, थंडीच्या तोंडाला, मी जिंतूरला गेलो होतो. पाय आपोआप गोदामाकडे वळले. कापूस अजून यायचा होता, गोदाम रिकामं होतं. आत आप्पा एकटेच भिंतीला टेकून बसले होते. फार थकले होते, ओळंबा कमरेला नव्हता, पण वर बघायची खोड तशीच. मधोमध तोच पाट.

"या, नक्शेवाले. बसा."

मी त्यांच्याजवळ बसायला गेलो.

"तितं न्हाई. पाटावर."

मी पाटावर बसलो. वर ते छत. पडणार नाही हे मला माहीत होतं, का पडणार नाही हेही माहीत होतं, आणि तरी मी वरच बघत राहिलो. आप्पांनी फडक्यातून एक कोरा कागद आणि पेन्सिल काढून माझ्यासमोर ठेवली. किती दिवस बरोबर बाळगत होते कोण जाणे.

"लिवा. आता उर्दूचं काम न्हाई, मराठीत लिवा. मला वाचून घेता येईल कुणाकडूनबी."

मी लिहिलं. माती कुणी मागवली, कुठल्या अंगाला टाकली, कोण हातभर अंतरावर उभं होतं, कुणाला ऐकू आलं होतं आणि कुणी 'मेमार की गफलत' लिहिलं. आप्पांनी ते माझ्याकडून तीनदा मोठ्यानं वाचून घेतलं. तिसऱ्यांदा मी मध्येच अडखळलो, तर ते वाक्य पुन्हा वाचायला लावलं. मग म्हणाले, "खाली नाव टाका." टाकलं. त्यांनी कागद घेतला, त्याच्या बारीक बारीक घड्या घातल्या, एक खाली, एक वर, आणि साखळीच्या फडक्यात ठेवून गाठ मारली.

मी विचारलं, "आप्पा, मला माफ केलंत ना?"

त्यांनी वर छताकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"न्हाई," म्हणाले. "पर आता उठा. छत पडायचं न्हाई."